सागाच्या फळ्या पडवीत ठेवाव्यात की खोलीत?

वखारीतून सागाच्या फळ्या आल्यात आणि सुतार म्हणतोय, पुढच्या महिन्यात येतो. (त्याचा पुढचा महिना कधी उजाडतो हे सगळ्यांनाच ठाऊक आहे.) तोवर माल ठेवायचा कुठे?

नुकतंच कापलेलं, ओलं लाकूड असेल तर पडवीच बरी. खेळत्या हवेत, उन्हापावसापासून लांब ते सावकाश वाळतं. बंद खोलीत त्याला बुरशी धरते. पण पडवीतलं लाकूड बाहेरची हवा होऊ देईल त्याहून कोरडं होत नाही. कोकणात भर पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८०-८५ टक्के असते, तेव्हा फळीतला ओलावा (तिच्या कोरड्या वजनाच्या) साधारण १६-१७ टक्क्यांवर अडकतो. वर्षभर ठेवली तरी पावसाळ्यात तिथेच. तीच फळी पुण्यातल्या घरात एप्रिलमध्ये ७ टक्क्यांपर्यंत उतरू शकते. म्हणजे ३० सेंटिमीटर रुंदीची सागाची फळी चार-पाच मिलिमीटर आकसणार, आणि तोवर तिचं कपाट झालेलं असेल तर फटी पडणार.

म्हणून वाळलेला माल असेल तर माझं मत खोलीला, तेही जिथे फर्निचर कायम राहणार त्याच खोलीला. इंचभर जाडीला दोन-तीन आठवडे द्यावेत. अपवाद एकच, पण मोठा: घर नवं असेल आणि प्लॅस्टर ओलं असेल तर ती खोली पडवीपेक्षाही वाईट. भिंतींतलं पाणी हवेत येतं, हवेतलं लाकडात जातं. आधी घर वाळू द्या.

मात्र लाकूड फिरतं, म्हणजे वाकडं होतं, ते बहुतेक वेळा जागेमुळे नव्हे, रचण्यामुळे. जागा वाचते म्हणून फळ्या भिंतीला टेकवून उभ्या ठेवतात. स्वतःच्या वजनानेच त्यांना बाक येतो. फरशीवर सपाट टाकली तर खालची बाजू ओली राहते, वरची वाळते आणि फळी पन्हळीसारखी वळते. आमची फणसाची एक फळी अशीच गेली; शेवटी तिच्यातून पोळपाट तेवढे निघाले.

थप्पी जमिनीपासून अर्धा फूट वर घ्यावी. प्रत्येक थरात इंचभर जाडीच्या सारख्या रिपा (लाकडी पट्ट्या), दीड-दोन फुटांवर, आणि वरची रीप बरोबर खालच्या रिपेवरच. ती चुकली की तिथे फळी झोकते. वर वजन ठेवावं, टोकांना जुना ऑइलपेंट फासावा, कारण टोकं सगळ्यात आधी वाळून तडकतात. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नये. सागाला थोडं कमी-जास्त चालतं, ऐनाच्या लाकडाला मात्र हे सगळं काटेकोर लागतं.

सुताराला कधी बोलवायचं ते तराजू सांगतो. एकच फळी दर चार दिवसांनी तोलावी; दोन-तीनदा वजन तेच आलं की फोन करावा.