नेपर सेटलमेंट, नेपरव्हिल: आईला अखेर "मूळ गाव" सापडलं

आईबाबा शिकागोजवळ आमच्या नेपरव्हिलला पहिल्यांदा आले आणि आठव्या दिवशी आईने विचारलं, सगळी घरं सारखी, गवत सारखं, पण मूळ गाव कुठंय रे? म्हणून शनिवारी नेपर सेटलमेंटला घेऊन गेलो, मी स्वतः नऊ वर्षांत कधी गेलो नव्हतो ते जाऊदे.

म्हणायला म्युझियम पण उघड्यावरचं, साधारण ३० इमारती, काही जुन्या दुसरीकडून उचलून आणलेल्या, काही नव्याने उभ्या केलेल्या. जोसेफ नेपर १८३१ ला ड्युपेज नदीकाठी आला आणि लाकडं कापायची मिल टाकली तिथून हे गाव सुरू, त्याआधी हा मुलूख पोटावाटोमी या इथल्या मूळ रहिवासी जमातीचा.

बाबा लोहारकामाच्या शेडमध्येच अडकले. ऐरण, भाता सगळं ओळखीचं! मी सांगितलं की इथली प्रेअरीची, म्हणजे गवताळ माळाची, काळी माती नांगराच्या फाळाला इतकी चिकटायची की याच इलिनॉयमधल्या जॉन डिअर नावाच्या लोहाराने १८३७ ला पोलादी फाळ काढला, तर म्हणाले आपल्या काळ्या रानात काय वेगळं होतं, पावसाळ्यात दर दोन तासाला फाळ खरवडायचो.

मला जास्त मजा काउंटीच्या (म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या) भांडणाची वाटली. १८३९ ला ड्युपेज काउंटीचं मुख्यालय नेपरव्हिल झालं, पण पहिली रेल्वे शेजारच्या व्हीटनवरून गेली आणि १८६७ च्या मतदानात मुख्यालय पण तिकडेच गेलं, हे लोक दप्तर देईनात तर व्हीटनवाल्यांनी रात्री येऊन उचलून नेलं 😄 डिट्टो आपल्याकडची तालुक्याची भांडणं.

आणि आईच्या "सारख्या घरांचा" हिशोब नंतर गाडीत लागला. १९५८ ला टोलवे म्हणजे टोलचा महामार्ग झाला, १९६६ ला टेलिफोनवाल्यांची संशोधन संस्था बेल लॅब्ज आली, १९६० चं जेमतेम १३ हजारांचं गाव २००० पर्यंत १ लाख २८ हजारांवर गेलं, मग शेतं जाऊन सबडिव्हिजन, म्हणजे एकसारख्या घरांच्या वसाहती, होणारच ना, आमचं घरपण कोणाच्या तरी मक्याच्या शेतातच असणार.

दीड तास धरून गेलो, साडेतीन लागले. सावली कमी आहे, टोप्या न्या. नंतर नदीकाठच्या रिव्हरवॉकला चक्कर मारा, तो १९८१ ला गावाच्या दीडशेव्या वर्षी केलाय आणि फुकट आहे.

साडेचार स्टार, अर्धा माझ्या नऊ वर्षांच्या आळसाचा कापलाय. बाबा पुढच्या शनिवारी परत चला म्हणतायत, भात्याचा फोटो राहिला.