पानामागे ३० रुपये

मराठी टायपिंग, पानामागे ३० रुपये, ५ दिवसांत ५०० पानं. मार्चमध्ये व्हॉट्सॲपवर ही जाहिरात आली तेव्हा दिवाळी अंकांची कामं लांब होती आणि एका जाहिरात एजन्सीकडे अडकलेल्या बिलाला चौथा महिना लागला होता. १५ हजार म्हणजे मला घबाडच वाटलं.

फोनवरची मुलगी गोड बोलली. करारनामा ११ पानी, इंग्रजीत, वर ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरचा फोटो. "आज सही नाही झाली तर बॅच बंद होईल, मॅम." मी मोबाइलवर बोटानं सही ओढली. आधार, पॅन पाठवलं, आधार हातात धरून सेल्फीसुद्धा. एरवी अनुवादाच्या करारातला स्वल्पविरामही न सोडणारी मी, हा करार चाळलासुद्धा नाही. अचूकता ९० टक्क्यांच्या खाली गेली की पोर्टलचा खर्च माझ्याकडून वसूल, हे नवव्या कलमात स्पष्ट लिहिलं होतं.

पानं म्हणजे कुठल्याशा जुन्या पुस्तकाचे धुरकट स्कॅन. अनुस्वार आहे की कागदावरचा डाग, कळायला मार्ग नाही. पाच रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसले. शेवटच्या संध्याकाळी पोर्टल उघडेना. उघडलं ते रात्री साडेअकराला. कसंबसं सगळं चढवलं.

दोन दिवसांनी अहवाल आला: अचूकता ६१ टक्के. चुकांच्या यादीत 'दुसऱ्या', 'पुढाऱ्यांनी', 'तऱ्हा' असे शब्द. त्यांचं अक्षर आणि माझं अक्षर स्क्रीनवर हुबेहूब! हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारांनी टाइप होतो, हे मला नंतर कळलं. डोळ्याला एकच दिसतो, संगणकाला दोन वेगळे शब्द वाटतात. मराठीत असा र पानोपानी येतो. आता बसा मोजत. की अहवालच बनावट होता, देव जाणे.

मग 'वकील' बोलू लागले, हिंदीत. ५,९०० रुपये भरा, नाहीतर केस. ५ हजार आणि वर १८ टक्के जीएसटी. जीएसटी लावलाय म्हणजे कंपनी खरी असणार, असं मला वाटलं. हसा. मी भरले.

आठ दिवसांत नवी नोटीस, आता 'एनओसी'साठी २४ हजार. वर राजमुद्रा, तराजू, लाल शिक्का, कलम ४२०, अटकेचं वॉरंट, आणि खाली क्यूआर कोड. घरात कुणाला बोलले नाही. दाराची बेल वाजली की पोटात गोळा यायचा.

माझे धाकटे दीर दिवाणी न्यायालयात बेलीफ होते. तीस वर्षं समन्स वाटण्यात गेली. जेवायला आले होते तेव्हा माझा चेहरा बघून त्यांनीच विचारलं. नोटीस हातात घेतली, चष्मा वर केला आणि हसायलाच लागले.

"वहिनी, समन्सवर दाव्याचा नंबर असतो, तारीख असते. पैसे कुठल्या क्यूआरवर टाका, हे कोर्ट कधी लिहीत नाही. आणि ४२०? करार या मार्चमधला ना? भारतीय दंड संहिता १ जुलै २०२४ लाच गेली, आता न्याय संहितेचं ३१८ लागतं."

करार मोडला तर वाद दिवाणी, त्यासाठी पोलीस उचलून नेत नाहीत, हेही त्यांनीच सांगितलं. करारात दंडाचा आकडा कितीही फुगवून लिहिला तरी १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ वाजवी भरपाईच देतं, आणि तीसुद्धा कोर्टानं ठरवली तर. मग ई-कोर्ट्सच्या साइटवर माझं नाव टाकून बघितलं. एकही दावा नव्हता.

तेवढ्यात वकिलाचा फोन आला. भाऊजींनी घेतला. "कुठलं कोर्ट? दावा नंबर सांगा, लिहून घेतो." पलीकडून फोन कट.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण पैसे जाऊन दहा दिवस झाले होते. ते परत आलेले नाहीत. हा नंबर पैसे गेल्या गेल्या फिरवायचा असतो, म्हणजे रक्कम पुढे सरकायच्या आत खातं गोठवता येतं. आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं. आता कुणी मागितलंच तर मास्क्ड आधार देते, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. टायपिंग असो की लेखन, करार एक रात्र उशाशी ठेवल्याशिवाय सही नाही. घाई करणाऱ्याचं काम गेलं तर जाऊ दे.

एक सांगायचं राहिलं. ती जाहिरात मी आमच्या अनुवादाच्या वर्गातल्या मुलींना पुढे पाठवली होती. हे सगळं उघड बोलल्यावर त्यातल्या एकीचा रात्री मेसेज आला. तिनेही ५,९०० भरले होते, आईची बांगडी गहाण ठेवून. दीड महिना तिने कुणाला सांगितलं नव्हतं. मलाही नाही, कारण जाहिरात मी पाठवली होती.