लेह की काझा? उघड्यावरच्या आइस हॉकीचा माहितीपट करण्याआधी

दिवाळीचा फराळ संपत आला की असा एक तरी फोन येतोच. "यंदा जानेवारीत लडाखला जाऊन आइस हॉकीवर माहितीपट करायचाय. कॅमेरा कुठला घेऊ?" कॅमेऱ्याचं नंतर बघू. आधी दोन गोष्टी ठरवा. कुठल्या गावच्या बर्फावर उभं राहणार, आणि तयार झालेली फिल्म सगळ्यात आधी कुणाला दाखवणार. पदरचे पैसे घालून दोघा-तिघांत काम करणाऱ्यांसाठी हे लिहितोय. ज्यांच्या पाठीशी चॅनल किंवा प्रायोजक आहे, त्यांचे प्रश्न वेगळे.

थंडीनं आपोआप गोठलेला आणि आठवडेच्या आठवडे टिकणारा बर्फ आपल्याकडे मिळतो तो लडाखात आणि हिमाचलमधल्या स्पितीत. शिमल्याची उघडी रिंक (स्केटिंगचं बर्फाचं मैदान) १९२० पासूनची, पण तिथे एक ढगाळ रात्र आली की सकाळचा खेळ बुडाला. मुक्काम ठोकून शूट करायचं तर निवड लडाखातलं लेह आणि स्पितीतलं काझा यांच्यातच करावी लागते.

लेहला खेळ भरपूर आहे. कर्झूचं तळं आहे, गुपुकचं तळं आहे, नवांग दोरजे स्तोबदान स्टेडियम आहे. खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांमधली आइस हॉकी २०२४ पासून लेहमध्ये होते. लष्कराचे, आयटीबीपीचे (भारत-तिबेट सीमा पोलिसांचे), गावोगावचे संघ उतरतात. लष्करी बुटांना लोखंडी पाती ठोकून खेळलेल्या पिढीतली माणसं अजून भेटतात आणि मोकळेपणानं बोलतात. पंधरा दिवसांत हातात इतकं फुटेज येतं की एडिट करणाऱ्यानं डोक्याला हात लावावा. (तो एडिटर अनेकदा मीच असतो.)

पण लेहची अडचणही तीच. सामन्याला तुमच्याआधी चार कॅमेरे उभे असतात. भारताच्या मुलींच्या संघाची गोष्ट म्हणाल, तर २०१६ मध्ये तैपेईत पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा, २०१७ मध्ये बँकॉकला पहिला विजय आणि २०२५ मध्ये अमिरातीतल्या अल ऐनला आशिया चषकात कांस्य. गोष्ट खरोखर मोठी आहे, पण बातम्यांतून, जाहिरातींतून आणि रील्समधून ती इतक्यांदा सांगून झालीय की नवा माणूस पुन्हा तेच चेहरे घेऊन तेच प्रश्न विचारतो. खेळाडूही आता ठरलेली उत्तरं देतात. मोठ्या स्पर्धेच्या चित्रीकरणाला आयोजकांची परवानगी लागते, जवान खेळत असतील तर त्यांच्या वरिष्ठांचीही. सीमेजवळचा भाग असल्यानं ड्रोनचं स्वप्न पुण्यातच सोडून निघालेलं बरं.

काझाला यातलं काहीच नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही. खेळ तिथे अलीकडे रुजलाय. मैदानाला बांध घालायचा, रात्री पाण्याचा थर सोडायचा, तो गोठला की वर दुसरा. मग खराटे आणि फावडी घेऊन मुलंच बर्फ साफ करतात. सामने थोडे, सराव जास्त. चौथ्या दिवशी तुमच्याकडे कुणी वळून बघत नाही, आणि माहितीपटाला नेमकं तेच हवं असतं. मात्र हिवाळ्यात उघडी राहणारी राहण्याची ठिकाणं मोजकी, नळ गोठलेले, वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. फुटेजची दुसरी प्रत रोज रात्री करायची तर बॅटरी चार्ज करण्यावरून दोघांत भांडण ठरलेलं.

पोहोचण्याचा फरक मात्र नीट समजून घ्या. लेहला जाताना दिल्लीहून विमान दीड तासाच्या आत तुम्हाला ३,५०० मीटरवर उतरवतं. पहिले दोन दिवस खोलीत पडून राहायचं, कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. हे न ऐकणारा तिसऱ्या दिवशी इस्पितळात ऑक्सिजन लावून बसतो. शिवाय हवा बिघडली की विमान रद्द, तेव्हा परतीच्या तिकिटाच्या पुढे दोन-तीन दिवस मोकळे ठेवाच. काझाला विमान नाही. मनालीकडून येणारी कुंझुम खिंड हिवाळ्यात बंद असते, म्हणून शिमल्याहून किन्नौरमार्गे चारशेहून जास्त किलोमीटर रस्त्यानं जायचं. कल्पा, नाको असे मुक्काम करत तीन दिवस लावले तर शरीर आपोआप उंचीला रुळतं. रस्ता दरडीनं किंवा हिमवर्षावानं अडला तर आहात तिथेच अडकलात. थोडक्यात, लेहला वेळ वाचतो आणि काझाला तब्येत. आणि हो, बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखात चालत नाही. पोस्टपेड असलेला एक तरी माणूस सोबत घ्या.

थंडीचा हिशेब दोन्हीकडे सारखाच. बॅटऱ्या कोटाच्या आतल्या खिशात, विमानात केबिनच्या सामानातच, आणि शंभर वॉट-तासांच्या आतल्या. बाहेरून बुखारीच्या, म्हणजे खोलीतल्या शेगडीच्या, उबेत शिरताना कॅमेरा आधी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधायचा, नाहीतर लेन्सवर दव धरतं. पांढऱ्या बर्फाला फसून कॅमेरा चित्र काळवंडवतो, म्हणून एक्स्पोजर हातानं थोडं वर ठेवावं. दुपारच्या उन्हात बर्फ मऊ पडतो, त्यामुळे खरा खेळ सकाळी आणि ऊन उतरल्यावर. पक, म्हणजे या खेळातली चकती, हातभर अंतरावरूनही नजरेतून निसटते, मग तिच्यामागे कॅमेरा पळवण्यात अर्थ नाही. चेहऱ्यांवर राहा. खर्च करायचाच असेल तर आवाजावर करा. पात्याचा बर्फावरचा करकराट, काठीवर पक आदळल्याचा टणत्कार, रात्री तळं तडकतानाचा तो पोटातून आल्यासारखा गुरगुराट, हे पुण्याच्या स्टुडिओत नंतर बनवता येत नाही.

निवेदन मराठीत करणार असाल तर आणखी एक पंचाईत आहे. आभाळातून पडतो तोही आपला बर्फ, तळं गोठतं तोही बर्फ, आणि गोळ्यात घालतात तोही बर्फच. या खेळात पडणारा बर्फ शत्रू आणि गोठणारा मित्र. म्हणून पहिल्या मिनिटातच पडणाऱ्याला हिम म्हणून टाका, नाहीतर पुढचा तासभर प्रेक्षक गोंधळेल.

कौल द्यायचा तर हातात तीनच आठवडे असतील आणि फिल्म पहिली असेल, तर लेह. पण स्पर्धेत चार दिवस काढून पुढे एखाद्या गावात जा आणि पाणी सोडणाऱ्या माणसाला धरा. रात्री दोन वाजता पाईप घेऊन उभा असतो तो. बक्षीस समारंभात तो कुठेच नसतो. अख्खा जानेवारी-फेब्रुवारी देता येत असेल, तर मी डोळे झाकून काझा म्हणेन.

टोरांटोला भाऊ-बहीण असलेले लोक तिसरा पर्याय काढतात: कॅनडा. टोरांटो शहरात महापालिकेच्या उघड्या रिंका पन्नासएक आहेत, त्यामुळे बर्फाची ददात नाही. पण त्यांतल्या बहुतेकांच्या खाली शीतकरणाची नळी असते. गोष्ट आहे ती परसातल्या आणि तळ्यांवरच्या बर्फाची. ओटावाचा रिडो कालवा १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून दर हिवाळ्यात स्केटिंगसाठी खुला व्हायचा, तो २०२२-२३ च्या मोसमात पहिल्यांदाच उघडला नाही. विलफ्रिड लॉरिए विद्यापीठातल्या भूगोलाच्या अभ्यासकांनी २०१३ मध्ये 'रिंकवॉच' सुरू केलं, त्यात लोक आपापल्या परसातल्या रिंकवर कुठल्या दिवशी स्केटिंग जमलं याची नोंद करतात. अशा एखाद्या घरी तीन हिवाळे जाता येत असेल तरच हा विषय घ्या. आठवड्याच्या सुट्टीत तो होत नाही.

आता फिल्म दाखवायची कुठे. इथे लोक सर्वांत जास्त घाई करतात आणि मग पस्तावतात.

महोत्सवांची वाट लांब आहे. प्रवेश फी बहुधा डॉलरमध्ये, उत्तर यायला महिने, आणि बऱ्याच ठिकाणी अट अशी की फिल्म आधी इंटरनेटवर आलेली नको. मुंबईचा 'मिफ' (माहितीपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव) दोन वर्षांतून एकदा, २०२२ नंतर २०२४ असा, तेव्हा एडिट संपवायची तारीख त्यावरून मागे मोजा. धर्मशालेचा महोत्सव २०१२ पासून आहे आणि हिमालयातला प्रेक्षक तिथे आयता भेटतो. कॅनडातल्या बँफचा पर्वत-चित्रपट महोत्सव १९७६ पासूनचा. तिथे निवड झाली तर फिल्म जगभर फिरते, पण चुरस त्याच मापाची. पाण्याचा आणि बदलत्या थंडीचा धागा पक्का असेल तर पुण्याचा किर्लोस्कर वसुंधरा महोत्सव विसरू नका. महोत्सवाला सेन्सॉरच्या प्रमाणपत्रातून सूट मिळू शकते, तिकीट लावून थिएटरात दाखवायला मात्र प्रमाणपत्र लागतंच.

यूट्यूबवर थेट टाकणं फुकट आणि त्याच दिवशी होतं. पण तासाभराच्या शांत फिल्मला तिथे पहिल्या आठवड्यात जे बघणारे मिळतात, त्यांतले निम्मे आपले नातेवाईक. आणि एकदा टाकली की महोत्सवांची दारं बरीचशी मिटली. म्हणून आधी वर्ष-दीड वर्ष महोत्सव, मग यूट्यूब. उलट कधीच नाही. दरम्यान शूट चालू असताना मिनिटभराचे उभे व्हिडिओ टाकत राहा, त्यानं फिल्मचा प्रीमियर बिघडत नाही. आणि फोटो काढा! फिल्म निवडली गेली की महोत्सव पहिल्यांदा तीन चांगले स्थिर फोटो मागतो, आणि तेव्हा कळतं की सगळ्यांनी व्हिडिओच काढलाय.

मधली एक वाट आपल्याकडे नीट वापरली जात नाही. महाराष्ट्रात डोंगरवेडा प्रेक्षक तयार आहे. मुलुंडचं गिरिमित्र संमेलन, शहरोशहरीचे ट्रेकिंग क्लब, फिल्म सोसायट्या, कॉलेजांचे हिमालयन क्लब. यांतले कित्येक जण लेहला जाऊन आलेत, पण जूनमध्ये. जानेवारीतलं लेह त्यांनी पाहिलेलंच नाही. तीस-चाळीस खुर्च्या, प्रोजेक्टर, नंतर चहा आणि प्रश्नोत्तरं, स्वेच्छा वर्गणीचा डबा. पैसा फार उभा राहत नाही, पण पुढच्या शोचं आमंत्रण त्याच खोलीतून निघतं.

पहिला शो मात्र तिथेच, ज्यांच्यावर फिल्म आहे त्यांच्यात. अल्पवयीन खेळाडू असतील तर आईवडिलांची लेखी संमती शूटच्या आधीच घेतलेली असते, तरी एडिट झालेली फिल्म त्यांना दाखवून मगच ती पक्की करा. पुढच्या हिवाळ्यात, शाळेच्या वर्गात, बुखारी पेटवून, लडाखी किंवा हिंदी उपशीर्षकं घालून. प्रोजेक्टरचा दिवा तिथल्या थंडीत सुरू व्हायला वेळ घेतो. तासभर आधी आत आणून ठेवा.