कार्डचोरी रोखणारं पाकीट: आमच्या काउंटरवर तपासलेलं

पाकीट ३४९ रुपयांचं, ऑनलाइन मागवलेलं. यात ठेवलेल्या कार्डातून कोणी परस्पर पैसे काढू शकत नाही, असं खोक्यावर छापलंय. कुरिअरवाला आमच्या खेड्यात येत नाही, दारव्ह्याहूनच फोन करतो, 'भाऊ, येऊन घेऊन जा'. त्यामुळं घरपोच सेवेबद्दल बोलण्यासारखं काही नाही.

माझं कृषी केंद्र आहे. खतासाठी अंगठा घेणारी मशीन वेगळी, पण बँकेची स्वाइप मशीनही काउंटरवर असते. तिच्यावर दहा रुपये टाकले आणि पुतण्याचं वायफायच्या खुणेवालं, म्हणजे मशीनजवळ नुसतं टेकवलं (टॅप केलं) की पैसे देणारं कार्ड घेतलं.

उघडं कार्ड मशीनपासून दोन बोटांवर आणलं की टुक वाजतं. वीतभर लांब धरलं तर मशीन ढिम्म. या कार्डात बॅटरी नसते. मशीनच्या लहरींतून मिळेल तेवढ्याच ताकदीवर चिप चालते, म्हणून सगळा खेळ काही सेंटीमीटरचा. सदऱ्याच्या खिशातून कार्ड वाचलं गेलं. जुन्या चामडी पाकिटातून मशीन दाबून धरल्यावर वाचलं. त्याच पाकिटात शेजारी दुसरं टॅपवालं कार्ड सरकवलं, तर मशीन गोंधळली आणि 'एकच कार्ड दाखवा' म्हणू लागली.

आता नवं पाकीट. आतल्या कप्प्यांतलं कार्ड काही केल्या वाचलं गेलं नाही. दाबून, फिरवून, उलटं करून पाहिलं. इथं पैकीच्या पैकी. मग बाहेरचा कप्पा, चटकन कार्ड काढायला दिलेला. टुक! तिथं लहरी अडवणारं अस्तरच नाही. रोज लागणारं कार्ड माणूस ठेवणार नेमकं तिथंच, हे बनवणाऱ्याला सुचू नये म्हणजे कमालच. शेवटी घरातला पोळ्या गुंडाळायचा फॉइल आणून कार्डाला एक वेढा दिला. मशीन गप्प.

'काका, बाजारात कोणी मशीन घेऊन खिशाजवळून गेला तं?' पुतण्याचा प्रश्न. होऊ शकतं. १ जानेवारी २०२१ पासून पिन न टाकता एका टॅपला ५००० रुपयांपर्यंत जाऊ शकतात, म्हणजे युरियाच्या अठरा गोण्या. पण मशीन बँकेकडून घ्यावी लागते, कागदपत्रं देऊन. मला ती मिळेपर्यंत चपला झिजल्या. पैसे जमा होतात दुकानदाराच्या खात्यात, म्हणजे चोर स्वतःचं नाव-गाव बँकेत ठेवून चोरी करणार. कार्डाचा नंबर आणि मुदत कोणी वाचलीच, तरी कार्डाच्या पाठीवर छापलेले तीन आकडे (सीव्हीव्ही) टॅपमधून बाहेर जात नाहीत. दर टॅपला चिप नवा संकेत बनवते, कालचा आज चालत नाही.

शिवाय फुकटचा उपाय हातात आहे. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये टॅपचं बटण असतं. ते बंद केलं की पाकीट कसलंही असो. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नव्या कार्डावर ही सोय मुळात बंदच यायला हवी, ग्राहकानं मागितली तर चालू. ॲप जमत नसेल तर शाखेत सांगा.

आमच्या भागात पैसे जातात ते वेगळ्याच वाटेनं. एटीएममध्ये 'दादा, मी काढून देऊ का' म्हणत पिन पाहणारा, किंवा व्हॉट्सॲपवर 'पीएम किसान'च्या नावानं येणारी एपीके फाइल, म्हणजे दाबली की फोनमध्ये चोराचं ॲप बसवणारी. तिथं हे पाकीट काय करणार? पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन आणि बँकेत तक्रार. चूक आपलीही नसेल आणि बँकेचीही नसेल, तर पैसे गेल्याचा बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास नुकसान आपल्यावर येत नाही. ओटीपी आपणच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं आपल्या अंगावर.

बाकी पाकीट ठीक. शिलाई घट्ट, पण रेक्झिन आहे, यवतमाळच्या मे महिन्यात घामानं पापुद्रे निघणार असं दिसतं. नोटांचा कप्पा अरुंद, पाचशेची नोट दुमडूनच घालावी लागते. पाचपैकी तीन तारे. एक कापला बाहेरच्या कप्प्यासाठी, एक किमतीसाठी. त्या कप्प्यात मी सध्या उधारीच्या चिठ्ठ्या ठेवतो, त्या चोरायला कोणी येत नाही.