मेश वायफायच्या नावाखाली २२,४२० रुपयांना फसवलं, घरात वायरिंग असणाऱ्यांनी आधी हे वाचा

२२,४२० रुपये गेले. आकडा आधीच सांगतो, कारण ज्याला सांगावं तो पहिले तेच विचारतो आणि मग "एवढे दिले कसे तुम्ही?" म्हणून तोंडाकडे बघत राहतो. दिले, कारण समोरच्याचं दुकान होतं, पाटी होती, नंबर ओळखीतल्याने दिला होता. रस्त्यावरच्या कुणाला काढून दिले नाहीत.

घर भुसावळचं, तळमजला आणि वर एक मजला. २०१७ साली बांधताना मी हट्टाने खोल्याखोल्यांत कॅट सिक्स, म्हणजे नेटची वायर टाकून घेतली होती, अस्सल तांब्याची, पाइपातून. जिन्याखाली या सगळ्या वायरी जोडणारा डबा, आठ पोर्टचा गिगाबिट (हजार एमबीपीएसचा) स्विच. टीव्ही, प्रिंटर, कॅमेऱ्यांचा डबा सगळं वायरवर, ठणठणीत चालायचं. अडचण एकच, स्लॅबमुळे वरच्या खोलीत वायफाय पोचत नव्हतं आणि मुलाचं पुण्याच्या कंपनीचं काम तिथूनच चालतं. म्हणून मेश, म्हणजे एकमेकांशी जोडलेले, घरभर एकाच नावाचं वायफाय देणारे डबे.

मला जे नंतर कळलं ते तुम्ही आधी वाचा. घरात वायर असेल तर मेश बसवणं फार मोठं काम नाही. पहिला डबा राउटरला, बाकीचे त्या त्या खोलीतल्या वायरला, ॲपमध्ये जोडले की झालं. नेटवाल्याचा राउटर तसाच चालू ठेवायचा असेल तर मेश ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकायचं, म्हणजे ते फक्त वायफाय देतं, नाहीतर राउटरमागे राउटर बसतो आणि जुन्या वायरवरचा प्रिंटर फोनला दिसेनासा होतो. चांगली कॅट सिक्स वायर असेल तर नवी लागत नाही. "जुनी वायर मेशला चालत नाही" असं जो म्हणेल त्याला दारातूनच परत पाठवा.

माझ्याकडे मेश बसवायला आलेला तो दुकानवाला हेच म्हणाला. टेस्टर लावला, लाल दिवा दाखवला, म्हणे इतक्या वर्षांत वायरीतून सिग्नल गळतो. वर अहिराणीत, "दादा, टेन्शन लेऊ नका, हाई आपलंच घर शे." आपल्या बोलीत बोलणाऱ्या माणसावर संशय कोण घेतो? आणि मुलगा नेमका त्या आठवड्यात पुण्याला.

हिशोब असा. तीन डब्यांचा मेश संच १६,५००. नवी वायर ९० मीटर, ३८ रुपये मीटरने ३,४२०. फिटिंग-सेटिंगचे २,५००. त्यातले १२,००० आधी यूपीआयने घेतले, १०,४२० काम झाल्यावर रोख. पक्कं बिल मागितलं तर "१८ टक्के जीएसटी लागेल, चार हजार उगाच वाढतील, हवं तर नंतर आणून देतो" म्हणत एका चिठोऱ्यावर आकडे मांडून दिले. बिल मी मागितलं होतं, हे लक्षात ठेवा.

एक क्षण मात्र अजून डोक्यातून जात नाही. काम झालं म्हणाला, तेव्हा वरच्या खोलीत उभं राहून मी फोन काढला. वायफायच्या यादीत आमच्या घराचं नाव तीनदा. एक साधं, आणि दोघांच्या शेपटीला "_ईएक्सटी". मी विचारलंसुद्धा, की मेशमध्ये सगळ्या घराला एकच नाव असतं ना? तो माझ्या हातातून फोन घेत म्हणाला, "अपडेट झालं की आपोआप जाईल." ईएक्सटी म्हणजे एक्स्टेंडर, मेश नव्हे, राउटरचं वायफाय नुसतं पुढे ढकलणारा साधा डबा. हे यादीतच लिहिलेलं होतं, माझ्या डोळ्यांसमोर! आणि त्याच वेळी खाली दाराशी त्याचा पोऱ्या माझी जुनी वायर गुंडाळून गोणीत भरत होता, "भंगार आहे, आम्हीच टाकून देतो." तिथंच गोणी धरून ठेवायला हवी होती. पण घरात चहा ठेवलेला, माणूस गोड बोलतोय. अशा वेळी कुणाच्या हातातली गोणी हिसकावतं का कोणी?

मुलगा आला आणि तासाभरात सगळं उघडं पडलं. डबे साधे एक्स्टेंडर, वर छापील स्टिकर. नखाने सोललं तर खाली दुसरंच मॉडेल. वरच्या डब्यात खुपसलेली नवी वायर तो मागे मागे शोधत गेला, तर ती जिन्यापाशी पट्टीच्या आत कापून दाबून ठेवलेली. स्विचपर्यंत आलीच नव्हती! टोक ब्लेडने खरवडलं, वर तांब्याचा मुलामा, आत पांढरं ॲल्युमिनियम. स्विच तर "जळालाय, दुसरा फुकट लावतो" म्हणून उपकार केल्यासारखा बदलला होता. त्या जागी पाच पोर्टचा, १०/१०० लिहिलेला. प्लॅन ३०० एमबीपीएसचा आणि टीव्हीवर आकडा ९४ च्या वर जाईना. शंभरच्या पोर्टातून तेवढंच येणार.

वायर घ्याल तर टोक खरवडूनच घ्या. उरलेसुरले पैसे स्पीड तपासल्याशिवाय देऊ नका. जुनं सामान कोणी उंबऱ्याबाहेर नेलं तर समजून जा.

दुकानावर गेलो तर "वापरलेला माल परत होत नाही." मग फोन उचलणंच बंद. मग पोलीस ठाणं. पहिल्या टेबलावर "१९३० वर फोन करा, सायबरचं आहे." समोर बसून रोख घेतलेल्या पैशांचं सायबर कसं होतं? दुसऱ्या टेबलावर "ही दिवाणी बाब." साहेब बंदोबस्ताला. अर्ज ठेवून जा म्हणाले, पोच मागितली तर शिक्का सापडेना. एक जण हसत म्हणाला, "काका, वायफायला बावीस हजार?" माझे पैसे कशावर खर्च करू हे विचारायला मी तिथं गेलो नव्हतो! एक वस्तू सांगून दुसरी गळ्यात मारणं म्हणजे फसवणूक, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, जुनं ४२० तेच. यूपीआयची नोंद, सोललेल्या स्टिकरचा फोटो, त्याच्या अक्षरातला चिठोरा, सगळं फाइलमध्ये. फाइल कुणी उघडली नाही. एकच प्रश्न, "बिल कुठंय?" अहो, बिल त्यानेच दिलं नाही! २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा आहे. ज्याने बिल दाबलं तो मोकळा आणि ज्याला मिळालं नाही त्याची उलटतपासणी.

ठाण्यात घेत नसतील तर तोच अर्ज टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, कायद्यात तशी सोय आहे. मी पाठवलाय. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. माझी तक्रार तयार आहे, २२,४२० आणि वर जुन्या वायरची नि स्विचची किंमत.

यावल-फैजपूरकडे आपण बरीच कामं केली असं तो सांगत होता. तिकडे कुणाकडे असे डबे असतील तर स्टिकर सोलण्याआधी एक फोटो काढा, सोलल्यावर दुसरा, आणि मला कळवा. एकाच माणसाने फसवलेल्यांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते, आणि माझी अजून दाखल व्हायची आहे.