डास पळवणारं पिकारिडिन २० टक्के लोशन: मोजणीच्या कामावर चार पावसाळे वापरल्यानंतर

मी जमीन मोजणी करतो. डास सगळ्यांनाच चावतात, पण टोटल स्टेशनवर, म्हणजे तिपाईवरच्या मोजणीच्या दुर्बिणीवर, उभ्या असलेल्या माणसाची अडचण जरा वेगळी असते. डोळा आयपीसला, दोन बोटं बारीक स्क्रूवर, आणि दीडशे मीटरवर साथीदार लेव्हलचा बुडबुडा मध्यावर धरून, ज्यावर मी नेम धरतो ती प्रिझमची काठी घेऊन उभा. त्याच वेळी कानामागे डास बसतो. हात उचलला तर कोपर तिपाईला लागतं, लेव्हल हलते आणि रीडिंग पुन्हा घ्यावं लागतं. दबा धरून बसलेल्या शिकाऱ्याला हे वेगळं सांगायला नको, त्याचंही काम हालचाल न करण्यावरच असतं.

पूर्वी मी डीट हे डास पळवणारं औषध वापरायचो. अमेरिकन सैन्यासाठी १९४६ मध्ये तयार झालेलं आणि १९५७ पासून सर्वांना मिळू लागलेलं हे औषध डासांपुढे आजही खणखणीत आहे, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण डीट प्लास्टिक खातं. माझ्या घड्याळाच्या काचेवर, म्हणजे प्लास्टिकच्या काचेवर, अंगठ्याचा ठसा कायमचा उमटला. तेवढं मी मनावर घेतलं नाही. मग यंत्राच्या कळा चिकट व्हायला लागल्या आणि त्यांवरचे आकडे पुसट झाले, तेव्हा मात्र पोटात गोळा आला. ज्या यंत्रावर पोट आहे, त्याला रोज औषधाच्या हातांनी शिवायचं कसं?

म्हणून पिकारिडिनकडे वळलो. काही नळ्यांवर याचंच नाव इकारिडिन असं असतं. १९८० च्या दशकात बायर कंपनीत ते तयार झालं. ते प्लास्टिकला इजा करत नाही, आणि माझ्यासाठी निवड इथेच संपली. चार पावसाळ्यांत ना कळा चिकटल्या, ना चष्म्याची फ्रेम. वास जवळजवळ नाही, अंगाला तेलकटही लागत नाही. घेताना टक्केवारी मात्र नीट बघा. १० टक्क्यांचं औषधही डासांना दूर ठेवतं, पण लवकर उतरतं. टक्का वाढला की मुख्यतः वेळ वाढतो. २० टक्क्यांचं लोशन सावलीतल्या कामात मला सकाळपासून दुपार टळेपर्यंत पुरतं. घामाघूम व्हायला झालं की पाच तासांनी पुन्हा लावतो. पाऊस अंगावर घेतला तर तासांचा हिशोब धरूच नये.

लावण्यात एक गोम आहे. हे औषध डास मारत नाही, जिथे लावलंय तिथे त्यांना बसू देत नाही, एवढंच. बोटभर जागा सुटली तर नेमकी तीच सापडते. माझी सुटायची ती मनगटाची आतली बाजू, स्क्रू फिरवताना बाही वर सरकते तिथली. घोटे आणि मानेची मागची बाजूही लोक विसरतात. उन्हाचं क्रीम लावायचं असेल तर ते आधी, हे नंतर. चेहऱ्यावर थेट कधीच नाही, आधी तळहातावर घ्यायचं.

एकदा कपाळावरून घाम ओघळला आणि लोशन घेऊन थेट डोळ्यात गेला. उजवा डोळा, आयपीसला लावतो तोच. पाण्याने धुऊनसुद्धा अर्धा तास नजर बसेना. तेव्हापासून भुवयांच्या दोन बोटं वर थांबतो आणि कपाळाला सुती पट्टी बांधतो. लोशन लावल्यावर तळहात कापडाने पुसतो, कारण प्लास्टिक सुरक्षित असलं तरी भिंगावर डाग पडतोच.

नुसत्या लोशनवर मी विसंबत नाही. वाकलं की शर्ट खांद्यावर ताणला जातो आणि डास कापडातून सोंड घालतात. त्यासाठी कामाचे कपडे ०.५ टक्के परमेथ्रिन या कीटकनाशकाने फवारून वाळवून ठेवतो. अर्धा डझन धुण्यांपर्यंत परिणाम टिकतो. हे कातडीवर लावायचं नाही, फक्त कपड्यांवर. ओलं असताना मांजरांना ते विषारी असतं आणि आमच्या घरात मांजर आहे, म्हणून गच्चीचं दार लावून घेऊन फवारतो आणि पूर्ण सुकल्यावरच कपडे आत आणतो. माशांनाही ते घातक आहे, त्यामुळे हे कपडे ओढ्यात धुवायचे नाहीत.

डोक्यावरची जाळी साथीदाराला फार आवडते. काठाची टोपी आत घालतो, म्हणजे जाळी गालाला टेकत नाही. मला ती चालत नाही, आयपीससमोर जाळी आली की क्रॉसहेअर, म्हणजे नेम धरायच्या उभ्या-आडव्या रेषा, धूसर दिसतात. गॅसवर औषधाची वडी तापवून डास पळवणारं यंत्रही वापरून पाहिलं. वारा पडलेला असताना एका जागी बसणाऱ्याला ते उपयोगी आहे, आम्ही मात्र त्याचा असर जमेपर्यंत पुढच्या स्टेशनवर, म्हणजे यंत्र मांडायच्या पुढच्या जागी, गेलेलो असतो. मनगटाचे पट्टे आणि आवाजाची यंत्रं यांवर पैसे घालवू नका.

एवढं सगळं खाजेसाठी करत नाही. माझा आधीचा साथीदार डेंग्यूने तीन आठवडे अंथरुणाला खिळला होता. आम्ही तेव्हा फक्त संध्याकाळीच औषध लावायचो, दिवसाचे डास किरकोळ समजून. डेंग्यू पसरवणारा पांढऱ्या पट्ट्यांच्या पायांचा एडिस डास दिवसाच चावतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. आता पहिलं स्टेशन लावायच्या आधी दोघंही लोशन लावतो, मग ऊन कितीही असो.

तक्रार एकच आणि ती खरी आहे: नळीचं झाकण कच्चं आहे. उन्हात तापलेल्या पिशवीत दोनदा सांडलं, एकदा तर फील्डबुकची चार पानं भिजली आणि पेन्सिलीचे आकडे कसेबसे वाचले. आता नळी झाकणाच्या डबीत, उभी, यंत्राच्या पेटीपासून लांब ठेवतो. कंपनीने झाकण बदललं तर पाचवा तारा देईन. तोवर चार.