तळ्यावरची बदके : पहाटेची फेरी घ्यावी की संध्याकाळची?

कोल्हापूरच्या आसपासच्या तळ्यांवर हिवाळ्यात बदके दाखवायला नेणाऱ्या, दोन तरुणांनी चालवलेल्या एका छोट्या सेवेच्या तिन्ही फेऱ्या मी या जानेवारीत घेतल्या. पहाटेची, सकाळी नऊची आणि संध्याकाळची अशा या फेऱ्या असून प्रत्येकीचे माणशी ५०० रुपये पडतात; त्यात चहा आणि वापरायला दुर्बीण येते. दर एकच असला तरी पदरात पडणारे मात्र सारखे नाही, आणि कोणती फेरी निवडावी हे नाव नोंदवताना कोणीच सांगत नाही, म्हणून हा अभिप्राय.

वेळेची ही पारख मुळात शिकाऱ्यांची. कोल्हापूरला शिकार नवी नव्हे; पाळीव चित्त्यांकरवी काळवीट धरण्याचा येथील संस्थानी शौक प्रसिद्ध होता आणि दाजीपूरचे रान तर राजघराण्याचे शिकारीसाठी राखलेले. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आज बदकाची शिकार हा गुन्हा आहे, तरी परवाना काढून ती जेथे चालते तेथले शिकारी अजूनही अंधारातच तळ्याकाठी जाऊन दबा धरतात. अमेरिकेत तर बदकांवर बंदूक चालवण्याची मुभा साधारणपणे सूर्योदयाआधीच्या अर्ध्या तासापासून सूर्यास्तापर्यंत असते. कारण सोपे आहे. बरीचशी बदके रात्री उथळ, गवताळ पाण्यात किंवा ओल्या शेतात चरतात, दिवसा मोठ्या उघड्या पाण्यावर चोच पिसांत खुपसून झोप काढतात, आणि या दोन ठिकाणांमधली त्यांची ये-जा झुंजूमुंजूला आणि दिवेलागणीला होते. म्हणजे चरण्याच्या तळ्यावर पहाटे ती निघून जाताना दिसणार आणि विसाव्याच्या तलावावर संध्याकाळी. आपण कोणत्या पाण्यावर उभे आहोत हे ठाऊक नसेल तर नुसते घड्याळ पाहून उपयोग नाही.

या मंडळींना ते ठाऊक आहे, ही त्यांची जमेची बाजू. पहाटेसाठी ते शहराबाहेरच्या, उसाच्या फडांनी वेढलेल्या एका लहान तळ्यावर नेतात आणि उरलेल्या दोन फेऱ्यांसाठी कळंबा तलावावर. रंकाळा मुद्दामच टाळतात, कारण तेथे फिरायला येणाऱ्यांची वर्दळ नेमकी पहाटे आणि संध्याकाळीच असते.

प्रत्यक्षात पहाटेची फेरी फसली ती त्यांच्याच वेळापत्रकामुळे. मध्य जानेवारीत कोल्हापुरात सूर्य सातनंतर पाच-सात मिनिटांनी उगवतो आणि पावणेसातलाच चांगले फटफटते; आम्ही शहरातून निघालो सव्वासहाला आणि काठावर पोहोचलो सात वाजता. पाण्यावर दोन टिबुकल्या, म्हणजे बुड्या मारणारे लहान पाणपक्षी, यांखेरीज काही नव्हते. त्यातच ऊसतोडीचा हंगाम, त्यामुळे मोठ्या आवाजात गाणी लावलेला एक ट्रॅक्टर रिकाम्या ट्रॉल्या खडखडवत बांधावरून गेला आणि टिबुकल्यांनीही बुडी मारली. मी तक्रार केल्यावर त्यांनी पुढच्या रविवारी पैसे न घेता पुन्हा नेले, आणि या वेळी निघालो सव्वापाचला. धुक्यात काही दिसत नव्हते. आधी ऐकू आली ती अडई बदकांची बारीक, दुपदरी शीळ, मग डोक्यावरून पंखांची फडफड. उजाडू लागले तेव्हा समोर हळदी-कुंकू बदकांची तीन जोडपी होती. मात्र चोचीच्या टोकाचे पिवळे आणि मुळाशी असलेले लाल ठिपके, ज्यांच्यावरून हे नाव पडले, ते त्या उजेडात दिसले नाहीत.

याला निम्मी जबाबदार त्यांची दुर्बीण. हाती देतात ती १० बाय २५ची, म्हणजे दहापट वर्धनाची आणि २५ मिलिमीटर भिंगाची, खिशात मावणारी. समोरच्या भिंगाच्या व्यासाला वर्धनाने भागले की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. येथे ती अडीच मिलिमीटर, तर ८ बाय ४२मध्ये सव्वापाच. दुपारी हा फरक जाणवत नाही, पहाटे तोच सगळा खेळ असतो. स्वतःची मोठी दुर्बीण असेल तर ती घेऊन जावी.

नऊची फेरी थोडक्यात सांगतो. बदके झोपलेली, पण ऊन स्वच्छ. त्यामुळे थापट्या बदकाची फावड्यासारखी चोच आणि तलवार बदकाची टोकदार शेपटी लहान मुलांनाही ओळखता आली. शिकाऱ्याने जी वेळ कधीच निवडली नसती ती नवशिक्याला ओळख पटवण्यासाठी चांगली आहे.

पैसे खरे वसूल झाले ते संध्याकाळी. पावणेपाचला पोहोचल्यावर आम्हाला पश्चिमेच्या काठावर बसवले, म्हणजे मावळतीचे ऊन आमच्या पाठीशी आणि पक्ष्यांच्या अंगावर. सूर्यास्त सुमारे सहा वाजून वीस मिनिटांनी. तोवर थवा जागा होत होता, कोणी पिसे साफ करत होते, कोणी एक पंख आणि त्याच बाजूचा पाय एकदम ताणत होते. सव्वासहाला गटातले दोघे कंटाळून उठले, तेव्हा मार्गदर्शक हळूच म्हणाला, “काका, दहा मिनिटं थांबा की. माना वर झाल्यात, आता उठतील बघा.” दहाची वीस मिनिटे झाली, मग पहिली सात-आठ बदके वाऱ्याकडे तोंड करून पाण्यावरून उठली, एक घिरटी घेऊन डोक्यावरून गेली आणि पाठोपाठ एकेक तुकडी निघाली. छापील वेळेनुसार ही फेरी साडेसहालाच संपते. त्या दिवशी मार्गदर्शकाने वेळ पाळली असती तर आम्ही हे सोडून गाडीत बसलो असतो.

म्हणून नाव नोंदवताना संध्याकाळची फेरी मागावी आणि सातपर्यंत थांबणार का, हे आधीच विचारून घ्यावे. पहाटेची हवीच असेल तर सव्वापाचला निघण्याची अट घालावी. आम्ही घातली तेव्हा त्यांनी ती कुरकुर न करता मानली.